साडेबारा हजार किलोमीटर आणि वडखळ नाका

अंतर मैलांत मोजावे की तासांत? माझे मत तासांचे, आणि तेही उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत. पुतण्या अमेरिकेत नेवार्कजवळ राहायला गेल्यापासून तर माझी खात्रीच पटली आहे.

मुंबईहून नेवार्क हवाई मार्गाने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना सोळाएक तास लागतात, येताना साडेचौदा. अंतर तेच, मग दीड तास गेला कुठे? तो वाऱ्याने खाल्ला. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; घरी येणाऱ्याच्या ते पाठीशी असतात, जाणाऱ्याच्या तोंडावर. हे ऐकून वहिनी म्हणाली, "म्हणजे भावोजी, वाऱ्यालासुद्धा कळतं!" शास्त्राला हे पटणार नाही, पण मी बोललो नाही.

२०१६ साली, गणपती चार दिवसांवर आले असताना, पेणला रात्री दोनला दादा गेला. तिकडे आदल्या दिवसाची दुपार होती. मुलाला रात्रीचे विमान मिळाले. इकडे जमलेल्यांनी हलक्या आवाजात विचारले, "थांबायचं का?"

हा प्रश्न विमानाने जन्माला घातला आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्याआधी विलायतेचा माणूस सहसा बोटीने, आठवड्यांनी यायचा. त्याच्यासाठी कोण थांबणार? तार जायची, दिवस व्हायचे आणि तिकडे तो एकटाच रडायचा. आता येणे शक्य झाले, म्हणून थांबणे आले. बर्फ आणवणे आले.

वहिनी एवढेच म्हणाली, "थांबू या."

अक्का रोह्याला असते. रोहा-पेण चाळीसएक किलोमीटर. सकाळी सातला गाडीत बसली ती वडखळ नाक्यावर अडकली. कोकणात उतरणारे चाकरमानी, पेणच्या मूर्ती घेऊन निघालेले टेंपो, त्यात पाऊस! भाऊ पुढे घरात निजलेला आणि ती खिडकीतून शेकडो गणपती पाहत बसलेली. पोचली तेव्हा बारा वाजले होते. ताशी आठ किलोमीटर. बैलगाडीपेक्षा थोडे बरे. त्या वेळी पुतण्या ताशी साडेआठशेच्या वेगाने कुठल्यातरी परक्या देशावरून येत होता.

रात्री नऊला तो सहारला उतरला. पुढे पासपोर्टची रांग, मग पनवेल, मग खड्डे. साडेबाराला दारात गाडी थांबली. बावीस तासांहून अधिक वेळ झाला होता. पहाटे आम्ही निघालो.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पेणहून तो सहारच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. वहिनीचे आता वय झाले आहे. तिथे नेवार्कचे थेट विमान उतरू लागले तर तासभर तरी वाचेल, हा हिशेब तिने स्वतःच करून ठेवला आहे. कशासाठी, ते आम्ही विचारत नाही.