मिटलेली तिसरी

तिसऱ्या उघडायला मनगटात जोर आणि हातात खास सुरी लागते, या समजापायी शहरातल्या कितीतरी घरांत त्या आणल्याच जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिसरीची घडण वेगळंच सांगते. दोन शिंपांमागची लवचीक बिजागरी त्यांना सतत उघडायला बघत असते. मिटून धरतात ते आतले दोन स्नायू, कडेला एकेक. म्हणजे उघडणं आपसूक, मिटून राहण्यालाच कष्ट. मेलेली तिसरी आ वासते ती यामुळेच. आपल्याला शिंप फोडायची नसते, ते दोन स्नायू तेवढे सोडवायचे असतात. त्याला कोकणातली विळी पुरते. पातं जागच्या जागी उभं, दोन्ही हात मोकळे. तिसरीची फट पात्याला लावायची, हलकेच आत सरकवायची, एका कडेचा स्नायू तुटला की ती फिरवून दुसऱ्या कडेचा. मांस एका शिंपेत ठेवायचं, रिकामी शिंप टाकायची. सारस्वतांच्या एकशिपीची सुरुवात इथूनच होते.

मग सरळ उकडून का घेऊ नयेत? उष्णतेनेही स्नायू सुटतात, खरं आहे. पण मांस आक्रसतं आणि त्याचा खारट रस पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून कालवणात घालणार असाल तर काहीच बिघडत नाही. सुकं करायचं असेल तर मात्र चव पातेल्यातच राहते. विळीची भीती वाटणाऱ्यांसाठी फ्रीझर आहे. तास-दोन तास ठेवून पाण्यात सोडल्या की स्नायू ढिले पडतात, फट दिसते, बोथट सुरीही चालते. यावरचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते: गारठून उघडलेली आणि आधीच मेलेली, दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पारख आधी. उघडी दिसली तर टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाकून द्यायची. वाळू सोडण्यासाठी भिजवायच्या त्याही मिठाच्या पाण्यात, कारण गोड्या पाण्यात त्या घट्ट मिटून बसतात. आणि गारठ्याने जंतू मरत नाहीत, तेव्हा नीट शिजवणं आलंच.

कालवांना हे सगळं लागू नाही. त्यांची एक शिंप खडकालाच चिकटलेली, कडा वेड्यावाकड्या आणि धारदार. तिथे लोखंडाचं टोकदार हत्यारच हवं, आणि हाताला जाड फडकं.