पहिला गेमिंग कॉम्प्युटर आणि आमच्या घरची वही

मुलीला गेम खेळता यावेत म्हणून आम्ही दोन वर्षांत ५१ हजार रुपयांचा कॉम्प्युटर उभा केला, असे कुणाला सांगितले की तो आधी आमच्याकडे पाहतो आणि मग आमच्या पत्र्याकडे. त्याचे चुकत नाही. आम्ही दोघे नवरा-बायको कमावते. एक रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, दुसरी अंगणवाडीत मदतनीस. अंबरनाथला दोन खोल्यांचे घर, दोन लेकरे. अशा घरात हा खर्च कसा बसला आणि त्याआधी आम्ही कसे फसलो, ते आज मनमोकळेपणाने सांगतो. आमच्यासारख्या एखाद्या घराचे पैसे वाचले तरी पुष्कळ झाले.

फसलो ते २०२१ साली. शाळा बंद, अभ्यास मोबाईलवर आणि घरात मोबाईल एकच. तेव्हा जवळच्याच एका दुकानात पाटी पाहिली, "आय-सेव्हन गेमिंग कॉम्प्युटर, ४ जीबी ग्राफिक्स कार्डासह, फक्त १८ हजार". काचेच्या पेटीत लाल-निळे दिवे फिरत होते. पोरे हरखली, आम्हीही हरखलो. पतपेढीतून कर्ज काढले आणि घेऊन आलो. नातेवाइकांना सांगितले, "अभ्यासासाठी घेतला."

अकरा महिन्यांनी एका संध्याकाळी फट्ट असा आवाज झाला आणि घरभर जळका वास पसरला. एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा डबा, जळाला होता. जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, वॉरंटी सहाच महिन्यांची होती. बिल म्हणून आमच्याकडे फक्त एक चिठ्ठी होती. कॉम्प्युटर गेला, पण पतपेढीचे हप्ते पुढे सात महिने भरावे लागले. त्या सात महिन्यांत घरात कॉम्प्युटर हा शब्द कुणी काढला नाही.

शेवटी एका रविवारी आमच्यातल्या फिटरने वर्तमानपत्र अंथरून ती पेटी उघडली. थोरली शेजारी बसली. एकेका भागावरचा नंबर तिने वाचून काढला आणि तो कधीचा आहे ते मोबाईलवर शोधले. तो "आय-सेव्हन" निघाला २०११ सालचा! ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचे आणि तेव्हाही सर्वांत खालच्या पायरीवरचे. त्याला ४ जीबी मेमरी होती हे खरे, पण कामाचा वेग नव्हता. अरुंद बोळाच्या तोंडाशी मोठे गोदाम बांधले, तर माल लवकर बाहेर येतो का? तसेच ते. आम्ही नाव वाचले, आकडा वाचला, दिवे पाहिले. भाग मात्र पाहिलाच नाही. वर्कशॉपमध्ये साधा नट बसवतानाही मापे घेणारा माणूस स्वतःच्या घरी असा चुकला!

त्या दिवशी थोरलीने एक वही केली. एका पानावर एक भाग. त्याचे काम काय, तीन ठिकाणचे भाव काय आणि पुढे तो बदलता येईल का. वर्षभर ती वही भरत होती.

२०२३ मध्ये ती अकरावीत गेली आणि एका रात्री जेवताना म्हणाली, "मम्मी, पप्पा, मला कॉम्प्युटर पाहिजे. गेमसाठी पाहिजे. या वेळी अभ्यासासाठी घेतला असं कुणाला सांगू नका. अभ्यास मी तसाही करते."

आम्ही गप्प झालो. तिच्या आत्याला कळल्यावर तर ती उसळलीच, "पोरीला खेळायला एवढे पैसे? त्यात तिचा वर्षाचा क्लास होईल!" बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. पण आम्हाला आमचे लहानपण आठवले. तेव्हा मुंबईत गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची पार्लरे होती. रुपयाचे नाणे टाकल्याशिवाय खेळता येत नसे आणि ते नाणे आमच्याकडे नसे. दाराबाहेर उभे राहून आम्ही दुसऱ्याचा खेळ पाहायचो आणि मालक हाकलायचा. गरिबाच्या पोराने शिकावे, कमवावे, हे सगळेच सांगतात. त्याने खेळावे असे कुणी सांगत नाही. आम्ही ठरवले, घ्यायचा. पण कर्ज काढायचे नाही आणि वहीबाहेर एक रुपया जाऊ द्यायचा नाही.

पैसे दोन वाटांनी आले. त्या साली रेल्वेचा ७८ दिवसांचा बोनस १७,९५१ रुपये मिळाला. भिशीचे १८ हजार त्यात घातले. एकूण ३५,९५१.

आता खरा पेच. गेमिंग कॉम्प्युटरमध्ये सर्वांत मोठा खर्च असतो ग्राफिक्स कार्डाचा. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, कधीकधी निम्माही त्यातच जातो, कारण पडद्यावरचे चित्र तेच घडवते. आम्हाला बरे वाटलेले आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्डच वीस हजारांच्या पुढे होते. ते घेतले तर बाकी सगळे भाग स्वस्तातले घ्यावे लागणार, म्हणजे पुन्हा तोच जळका वास. जुनी कार्डे निम्म्या किमतीत मिळत होती. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी नाण्याची पद्धत बदलली, तेव्हा ते मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली होती. पण किती महिने राबले, हे कार्डाकडे पाहून कळत नाही. शिवाय वॉरंटी नाही. आम्ही तो मोह सोडला.

वाट थोरलीनेच काढली. म्हणाली, "पप्पा, दोन पायऱ्यांत करू. आज असा प्रोसेसर घेऊ की ज्याच्या पोटातच थोडं ग्राफिक्स आहे. कार्ड पुढच्या वर्षी." असा प्रोसेसर म्हणजे रायझेन ५ ५६००जी. सहा कोअरचा. कार्ड नसतानाही त्यावर हलके गेम चालतात. त्याचाच भाऊ ५६०० हा कार्ड जोडल्यावर थोडा अधिक धावतो, पण कार्डाशिवाय त्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही. आम्हाला वर्षभर थांबायचे होते, म्हणून ५६००जी बरा.

रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी रजा काढली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्याच दुकानात विक्रेता म्हणाला, "काका, यादी कशाला? रेडी सेट घेऊन जा, बघा लायटिंग!" आम्ही क्षणभर ओशाळलो. थोरलीने वही काउंटरवर ठेवली आणि एकेक भाग विचारू लागली. तिसऱ्या दुकानात सौदा जमला. तिथेही दोन जागी अडलो, ते मुद्दाम सांगतो.

पहिली जागा एसएमपीएसची. विक्रेता म्हणाला, "कार्ड नाही तर ९०० वाला चालेल." आम्ही ३,९०० चा, ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घेतला. कार्ड पुढच्या वर्षी येणार, तेव्हा त्याला वीज कोण देणार? त्यावर ८० प्लस ब्रॉन्झ अशी खूण होती. ही खूण विजेचा अपव्यय कमी असल्याची. टिकाऊपणाची हमी तिच्यात नाही, म्हणून वॉरंटीची वर्षेही विचारून घेतली. इंजिन दांडगे आणि ब्रेक कच्चा, अशी गाडी आमच्या वर्कशॉपमधून बाहेर सोडत नाहीत.

दुसरी जागा बिलाची. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील," असे तो हळूच म्हणाला. एकदा चिठ्ठीवर हात पोळले होते. आम्ही जीएसटीचे पक्के बिल घेतले आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घेतला.

खर्च असा झाला. प्रोसेसर ११,८००, मदरबोर्ड ५,७००, रॅम ३,४००, एसएसडी २,६००, एसएमपीएस ३,९००, पेटी २,३००, कीबोर्ड-माउस ८५०. एकूण ३०,५५०. पेटी साधी, दिवे नसलेली, पण पुढून हवा आत घेणारी. रॅम १६ जीबीची, मात्र एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन. पोटातले ग्राफिक्स रॅमचीच मेमरी वापरते आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला असला तर नवा प्रोसेसर ओळखत नाही. म्हणून त्याचा बायोस दुकानातच नवा करून घेतला.

मॉनिटर घेतला नाही. घरचा ३२ इंची टीव्ही जोडला. आमच्या टीव्हीचा पडदा कमी ठिपक्यांचा, म्हणून प्रोसेसरवर भारही कमी. विंडोजचे पैसे वाचवायला थोरलीने फुकटचे लिनक्स घातले. काही ऑनलाइन गेम त्यावर चालत नाहीत, पण तिला हवा असलेला काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे आणि लिनक्सवर चालतो.

जोडणी घरीच केली. बाप-लेक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. सगळे जोडून बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काळाच! आमच्या पोटात गोळा आला. धाकटा तर रडायलाच लागला. थोरलीने वीज बंद केली, वही उघडली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या पुन्हा दाबल्या. एक पुरती बसली नव्हती. टक् असा आवाज आला, आणि नंतर पडद्यावर अक्षरे. ती अक्षरे पाहून घरातली मोठी माणसेही टाळ्या वाजवत होती.

उरलेले ५,४०१ रुपये डब्यात ठेवले. २०२४ चा बोनसही १७,९५१ च मिळाला. दोन्ही मिळून २३,३५२ झाले. आरएक्स ६६०० हे कार्ड २०,५०० ला आले. पेटी उघडली, कार्ड बसवले, त्याच एसएमपीएसची वायर जोडली. दुसरे काही बदलावे लागले नाही. वर्षापूर्वी ९०० वाला घेतला असता, तर त्या दिवशी दुसरा घ्यावा लागला असता.

आमचे भाव मात्र आज धरू नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या. एआयच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरीची मागणी वाढली, त्याची झळ आपल्यापर्यंत आली. ३,४०० चा आकडा घेऊन दुकानात गेलात तर निराश व्हाल. घेताना त्या दिवसाचे भाव काढा. भाव बदलले तरी कोणता भाग काय काम करतो, ते बदलत नाही.

घरात भांडणे होतात, हेही लपवत नाही. टीव्ही एकच, मालिका आणि गेम एकाच वेळी. म्हणून आठ ते नऊ मालिका, नंतर तासभर गेम, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी, असा नियम वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. खाली चौघांच्या सह्या आहेत. कधी नियम मोडतो, पण सही दाखवली की जो तो गप्प होतो.

गेल्या महिन्यात आत्या घरी आली. चहा झाल्यावर पर्समधून एक कागद काढला. तिच्या मुलाला दुकानदाराने लिहून दिलेली यादी होती. आमच्याकडे न पाहता ती थोरलीला म्हणाली, "बाळा, जरा बघतेस का?" थोरलीने पेन घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "आत्या, एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आहे, ते यात का लिहिलेलं नाही?"