पात्रवाटप

शाळेच्या स्नेहसंमेलनात मला एकच वाक्य होतं: ‘जी मालक.’

बीड जिल्ह्यातली आमची शाळा, सातवीचा वर्ग. पाटील कोण, सरदार कोण, हे सरांचं आधीच ठरलेलं असायचं. नोकर मात्र आमच्या वस्तीतला. तालमीत मला काही शिकवावं लागलं नाही. कंबर किती वाकवायची, नजर कुठं ठेवायची, सगळं येत होतं. सरांनी ‘नैसर्गिक अभिनय’ म्हणून पाठ थोपटली. मलाही अभिमान वाटला.

बघायला आईबाप नव्हते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन दोघं उसाला गेलेले, मी आजीपाशी. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ते परतले, तेव्हा अंगणात मी तो प्रवेश करून दाखवला. माय हसली. बाप गप्प झाला. मग म्हणाला, “मुकादमापुढं म्या असाच उभा राहतो का रं?”

मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही चार पोरांनी उचलीवर छोटी नाटिका लिहिली. शाळेनं घेतली नाही. मग 14 एप्रिलला वस्तीतच केली. मजूर मीच होतो. ताठ उभं राहून मुकादमाला हिशेब मागायचा होता. वाकायला एकही तालीम लागली नव्हती. ताठ उभं राहायला पंधरा लागल्या. बाप पहिल्या रांगेत बसून होता.

मित्रांनो, जातिव्यवस्था हेही पात्रवाटपच आहे. फरक एवढाच की नाटकातला वेश पडदा पडल्यावर उतरतो. आणि ज्याला आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो, ती पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलेली तालीम असते.

जोतीराव फुल्यांनी हे 1855 सालीच ओळखलं होतं. त्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशाकडून नाडलं जाणारं कुणबी जोडपं शेवटी रात्रशाळेत जायला निघतं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाटक स्वीकारलं नाही. म्हणजे पात्रं वाटणारे तेव्हाही बसलेलेच होते. पण जोतीराव संहिता लिहायचे थांबले नाहीत.

म्हणून जयंतीला डीजेची वर्गणी काढताना एक विचार करा. त्यातले थोडे पैसे वस्तीतल्या पोरापोरींच्या नाटकासाठी ठेवा. संहिता त्यांनाच लिहू द्या. भूमिका कोण वाटतो, हा प्रश्न त्यांना लहानपणीच पडला पाहिजे.

जय भीम!