मूल दोघांचे, तपासणीही दोघांची

लग्नाला वर्ष उलटले की आपल्याकडे सुनेला प्रश्न सुरू होतात. शादीत, अकिक्यात, अगदी मय्यतीच्या घरीसुद्धा एखादी खाला जवळ सरकून बसते आणि हळूच विचारते, "अगं, काही खुशखबर?" दुसऱ्या वर्षी हाच प्रश्न सासूला विचारला जातो. तिसऱ्या वर्षी मुलाला बाजूला घेऊन दुसऱ्या निकाहाची गोष्ट काढली जाते. या तीन वर्षांत मुलाची तपासणी झाली का, असे मात्र कोणीही विचारत नाही.

हा लेख आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत, म्हणून त्यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. आमच्या निकाहाला सहा वर्षे झाली. अजून आम्हाला औलाद नाही. हा विषय घराबाहेर न्यायचा नाही, असेच आमच्या घरात ठरले होते. पण मागच्या वर्षी ओळखीच्या एका घरातून तीन वर्षे संसार केलेली मुलगी 'मूल होत नाही' म्हणून माहेरी पाठवली गेली. तिच्या सोनोग्राफ्या झाल्या होत्या, दुर्बिणीतून तपासणी झाली होती. तिच्या नवऱ्याची साधी वीर्य तपासणीही झालेली नव्हती. ते कळल्यावर आमच्या अम्मींनीच आम्हाला सांगितले, "तुम्ही जे शिकलात ते लिहा. कोणाचे तरी घर वाचेल."

वर्षे नव्हे, दिवस मोजा

आम्ही पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी फाईल उघडण्याआधी विचारले, "लग्नाला सहा वर्षे झाली, पण एकत्र किती दिवस राहिलात?" आम्ही बोटांवर मोजले. पहिली चार वर्षे नवरा आखातात हॉटेलच्या नोकरीत होता. वर्षाला सुट्टी 45 दिवसांची. म्हणजे चार वर्षांत एकत्र दिवस 180, जेमतेम सहा महिने.

मग डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम 12 ते 24 तास टिकते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून प्रत्येक पाळीच्या चक्रात गर्भ राहण्याजोगे दिवस साधारण सहाच असतात, बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. बीज बाहेर पडते ते पुढची पाळी येण्याच्या सुमारे 14 दिवस आधी. ज्यांची पाळी 28 दिवसांची, त्यांचा हा दिवस चौदावा. ज्यांची 35 दिवसांची, त्यांचा एकविसावा. एकत्र राहणाऱ्या आणि पाळी नियमित असलेल्या जोडप्याला चार वर्षांत अशा पन्नासेक संधी मिळतात. आमच्यात पाळी दीड-दोन महिन्यांनी यायची. त्यामुळे एका सुट्टीत फार तर एक संधी, चार सुट्ट्यांत चार. त्यातही विमानाचे तिकीट पाळीची तारीख पाहून निघत नाही.

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत आमच्यासारखी जोडपी आहेत. गावाच्या हिशेबात ती 'पाच वर्षे मूल नाही' अशी असतात. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मात्र अशी आहे की 12 महिने किंवा जास्त काळ नियमित शरीरसंबंध असूनही, कोणतेही गर्भनिरोधक न वापरता गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणावे. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांना भेटावे. पाळी फार अनियमित असेल, किंवा पूर्वी क्षयरोग अथवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेवढेही थांबू नये. याच संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा तरी या अडचणीला सामोरे जावे लागते. म्हणजे ही कोणा एका घरावरची आफत नाही, तर मधुमेहासारखाच सगळ्या समाजांत आढळणारा आरोग्याचा प्रश्न आहे.

पुरुषाची बाजू

मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही अडचण असते, कधी एकट्याकडे तर कधी दोघांकडेही. तरीही आपल्याकडे पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी होते. खरे तर ती सर्वांत सोपी. सुई नाही, भूल नाही, काही शे रुपयांचे काम. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो. प्रयोगशाळेत संकोच वाटत असेल तर घरी पत्नीच्या सोबतीत नमुना घेऊन तासाभराच्या आत पोहोचवता येतो का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून खचू नये. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

आमच्या पहिल्या रिपोर्टात शुक्राणूंची संख्या दर मिलीलिटरला 90 लाख आली. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा आहे 1 कोटी 60 लाख. डॉक्टर म्हणाले, "ही रेघ म्हणजे भिंत नाही. रेघेच्या खाली असलेल्यांनाही मुले होतात, फक्त वेळ जास्त लागतो."

मग कामाची चौकशी झाली. आखातात रोज नऊ-दहा तास तंदूरसमोर उभे राहण्याचे काम होते. अल्लाहने पुरुषाचे अंडकोष शरीराच्या बाहेर ठेवले आहेत त्याला कारण आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. बेकरीची भट्टी, तंदूर, लोखंडाच्या भट्ट्या, तासन्‌तास ट्रक चालवणे, मांडीवर लॅपटॉप, घट्ट जीन्स, या सगळ्यांनी तिथली उष्णता वाढते. आपल्या समाजातले कितीतरी तरुण याच धंद्यांत आहेत. धंदा सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण मधूनमधून भट्टीपासून बाजूला होणे, सैल सुती कपडे घालणे, लांबच्या प्रवासात उतरून चार पावले चालणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट तंबाखू. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पानटपरीवर काय मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. सिगारेट असो की चघळायची तंबाखू, दोन्हींनी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. घरातल्या बायका मिश्री लावत असतील तर ती तंबाखूच आहे, हेही लक्षात ठेवावे. नवरा घरात सिगारेट ओढत असेल तर तो धूर पत्नीच्याही शरीरात जातो.

तिसरी गोष्ट नव्या पिढीची. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची आणि स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली जातात. बाहेरून हे हार्मोन मिळाले की शरीर आतून शुक्राणू बनवणे थांबवते. दिसायला पहिलवान, पण रिपोर्टात संख्या शून्य, असे घडते. 'मर्दानी ताकदी'च्या पुड्यांचेही तसेच. त्यात काय घातले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. आम्हालाही अशी पुडी मिळाली होती. डॉक्टरांनी ती वास घेऊनच बाजूला ठेवली.

याशिवाय लठ्ठपणा, काबूत नसलेली साखर, वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, अंडकोषाच्या शिरा फुगणे ही कारणेही असतात. शेवटच्या कारणावर काहींना छोट्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 70 ते 75 दिवस लागतात. म्हणून आज सवय बदलली तर त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टात दिसतो. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांचे इथेच नुकसान होते. आमचा तीन महिन्यांनंतरचा आकडा 1 कोटी 30 लाख होता. गावी परतून भट्टीचे काम सुटले होते, वजन चार किलो उतरले होते, रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहणे बंद झाले होते. यातले नेमके कशाने झाले ते सांगता येणार नाही. बहुधा सगळ्यांचे थोडे थोडे.

स्त्रीची बाजू

आमच्यातल्या पत्नीचे दोन निदान झाले. थायरॉईडचे काम मंद, आणि अंडाशयाचा तो विकार ज्याला सगळे 'पीसीओडी' म्हणतात. त्यात बीज वेळेवर पिकत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव वाढते, वजन चढते. अशा स्त्रीचे वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्क्यांनी कमी झाले तरी कित्येकींची पाळी सुधारते. आमच्या घरात 74 चे 69 किलो व्हायला आठ महिने लागले. पाळी आता 32 ते 35 दिवसांनी येते.

उपाय साधेच होते. सकाळच्या पाव-खारीऐवजी ज्वारीची भाकरी आणि अंडे. दिवसाचे पाच चहा होते, त्यांचे दोन झाले, तेही कमी साखरेचे. बिर्याणी बंद नाही केली, पण जुम्म्यापुरती ठेवली. आणि फजरच्या नमाजनंतर दोघांनी मिळून पाऊण तास चालणे. सुरुवातीला मोहल्ल्यात लोक पाहत. आता दोन जोडपी आणखी येतात. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून रमजानमध्ये तिची वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतली. मधुमेहाच्या किंवा 'पीसीओडी'च्या गोळ्या घेणाऱ्यांनीही रोजे सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षयरोग आहे. त्यात खोकला नसतो, कधी कधी काहीच त्रास नसतो. डॉक्टरांनी ती तपासणी सुचवली तर 'आमच्या घरात टीबी नाही' म्हणून नाकारू नये. वयाचाही विचार हवा. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या शरीरात सगळी बीजे असतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि दर्जा वेगाने घटतो. आणि मूल हवे असे ठरले की गर्भ राहण्याआधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे. त्याने बाळाच्या मेंदू-मणक्याचे काही जन्मदोष टळतात.

दवा आणि दुआ

"अल्लाहच्या मर्जीत डॉक्टर काय करणार?" असेही आम्हाला ऐकवले गेले. मर्जी अल्लाहचीच, यात शंका नाही. सूरह अश-शूरामध्ये स्पष्ट सांगितले आहे की कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच नाही, हे सर्व त्याच्या इच्छेने होते. म्हणूनच तर मूल नसणे हा कोणा स्त्रीचा गुन्हा ठरत नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (र.) यांना मूल नव्हते. त्यांच्या दर्जात त्याने तिळभरही उणेपणा आला नाही. हजरत जकरिया (अ.) यांनी म्हातारपणी औलादीसाठी दुआ मागितली आणि अल्लाहने यहया (अ.) दिले. आजारावर उपचार करा, ही तर खुद्द पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. दवा घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

पुढच्या उपचारांबद्दलही लोकांत गैरसमज आहेत. टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे हरामच, असे सरसकट म्हणता येत नाही. 1980 साली अल-अझहरच्या फतव्याने निकाहात असलेल्या पती-पत्नीचेच बीज वापरले तर त्याला परवानगी दिली. तिसऱ्याचे बीज किंवा शुक्राणू मात्र नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांनी असे बाळ 1986 मध्येच जन्मले. पण हा उपचार खर्चिक आहे आणि त्यात हमी नाही. 2021 च्या कायद्यानुसार अशा केंद्राची सरकारी नोंदणी असावी लागते, ती आधी पाहावी. आणि जे करायचे ते आपल्या आलिमांना व डॉक्टरांना, दोघांनाही विचारून करावे.

वडीलधाऱ्यांना विनंती

मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावण्यापूर्वी मुलाला डॉक्टरांकडे पाठवा. दोघांना एकाच दिवशी, एकत्र पाठवा. मुलगा परदेशात असेल तर पती-पत्नीला सलग काही महिने एकत्र राहता येईल अशी सोय करा. दुसऱ्या निकाहाचा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, "मुलाचा रिपोर्ट पाहिलात का?" अडचण त्याच्याकडे असेल तर दुसऱ्या मुलीचेही आयुष्य तिथेच अडकेल. आणि शादीत बाजूला बसलेल्या मुलीला खुशखबर विचारू नका. असेल तर ती स्वतःच मिठाई घेऊन येईल.

आमचे उपचार सुरू आहेत. मूल होईल की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. पण या दीड वर्षात आमच्या घरात 'दोष कोणाचा' हा प्रश्न उरलेला नाही. औषधाची वेळ दोघांना पाठ असते. रिपोर्ट दोघांनी एकत्र उघडायचा, असे ठरले आहे. ज्या घरांत पाळण्याची वाट पाहिली जात आहे त्या सर्व घरांना अल्लाह नेक औलाद देवो, आणि जोवर ती येत नाही तोवर पती-पत्नीत मुहब्बत आणि सबर कायम ठेवो. आमीन.