ब्रूमफील्ड : एक निकाल, एक अहवाल

रॉबर्ट ब्रूमफील्ड हे नाव आपल्याला माहीत असलंच तर ते एका दिवसामुळे : 18 मार्च 1922. अहमदाबादच्या शाहीबागेत, सर्किट हाउसमध्ये, गांधीजींवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. आरोपीने आपला धंदा शेतकरी आणि विणकर असा सांगितला आणि गुन्हा सरळ कबूल केला. न्यायाधीशापुढे त्यांनी दोनच वाटा ठेवल्या : हा कायदा चुकीचा वाटत असेल तर राजीनामा द्या, बरोबर वाटत असेल तर कडकातली कडक शिक्षा द्या.

ब्रूमफील्डनी मान लववून आरोपीला अभिवादन केलं. असा आरोपी माझ्यासमोर पूर्वी आला नाही, पुढेही येणार नाही, असं बोलून दाखवलं. मग 1908 च्या टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला आणि तीच सहा वर्षं सुनावली, साधी कैद. सरकारने मुदत कमी केली तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल, असंही ते म्हणाले.

त्यांच्या सौजन्याबद्दल मला शंका नाही. पण मराठी माणूस इथे अडखळतोच. टिळकांची मंडालेची सहा वर्षं हाच मुळात अन्याय. चौदा वर्षांनी तोच अन्याय मोजमाप म्हणून वापरला गेला, आणि वापरणारा माणूस सज्जन होता. अशा सज्जनाच्या हातून कायदा जास्त सोवळा दिसतो, याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता, असं मी मानतो.

या मताला बारडोली आडवी येते. तिथला शेतसारा सरकारने जवळजवळ बावीस टक्क्यांनी वाढवला. 1928 मध्ये वल्लभभाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी तो भरायचं नाकारलं. जप्त्या झाल्या, गुरंढोरं नेली, गावं हटली नाहीत. शेवटी चौकशी नेमावी लागली. महसूल खात्याचे मॅक्सवेल आणि न्यायखात्याचे ब्रूमफील्ड गावोगाव हिंडले. ज्या खंडाच्या आकड्यांवर सगळी वाढ उभी होती, ते त्यांनी शेतकऱ्यांच्या समोर बसून पडताळले, आणि ते भरवशाचे नाहीत असं लिहून दिलं. वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

अहमदाबादेत कबुलीनंतर तपासायला काही उरलंच नव्हतं; बारडोलीत पुरावा होता, आणि त्यांनी तो सरकारच्या विरुद्ध जाऊ दिला. 1922 मध्ये ते खुर्ची सोडून गेले असते, तर त्या चौकशीवर दुसरं कोणी आलं असतं. त्याने खंडाचे आकडे इतक्या चिकाटीने उकरले असते, याची खात्री मला देता येत नाही.