आष्ट्याहून अयोध्या नगर

अयोध्या नगर म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे शरयूकाठची अयोध्या उभी राहील. परंतु आम्ही सांगत आहोत ते अयोध्या नगर भोपाळ शहराच्या पूर्व अंगाची एक वसाहत आहे. जवळच विजेची अवजड यंत्रे घडविणारा ‘भेल’चा प्रचंड कारखाना आहे. १९६० साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला आणि देशाच्या चारी दिशांनी माणसे तेथे चाकरीसाठी गेली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आमच्या आतोबांची चाकरी तेथेच झाली. त्यांच्या पश्चात आमची आत्या अयोध्या नगरात राहते. “एकदा तुझ्या दारी सायकलने येईन,” असे बाबा तिला पुष्कळ वर्षांपासून सांगत आले होते.

वसईच्या वाडीतील भाजीच्या टोपल्या सायकलवर बांधून पहाटे स्टेशन गाठण्यात बाबांचे तारुण्य गेले. आज त्यांचे वय ७१ आहे. घरातील मंडळींनी नाना परींनी समजावले, तथापि त्यांचा निश्चय ढळला नाही. शेवटी मार्चच्या मध्यास आम्ही पितापुत्र दोन सायकली घेऊन निघालो. नाशिक, धुळे, शिरपूर मागे टाकून बिजासनचा घाट चढलो, खलघाटला नर्मदा ओलांडली आणि इंदूर-देवासमार्गे दहाव्या दिवशी पार्वती नदीकाठच्या आष्ट्याला मुक्काम केला. तेथून भोपाळ सुमारे ८० किलोमीटर. आणि आत्याचे घर शहराच्या पलीकडच्या टोकास.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्यापूर्वीच आम्ही निघालो. सीहोर जिल्ह्याचा हा मुलूख शरबती गव्हाचा. या गव्हाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. काळ्याभोर जमिनीत सोनेरी पीक कापणीला आले होते. बाबा दोनदा उतरले, लोंबी हातावर चोळून दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, “माती पाहिलीस? हिला खत कमी लागत असेल.” शेतकऱ्याचा प्रवास असाच असतो, त्याला देवळे आणि किल्ले नंतर दिसतात, जमीन आधी दिसते.

सीहोरपूर्वी आमच्या मागच्या चाकात काटा शिरला. ट्यूब काढून ठिगळ लावीपर्यंत तास गेला आणि उन्हाचा चटका वाढला. सीहोर ओलांडल्यावर बाबांची सायकल डगमगू लागली. त्यांच्या पोटऱ्यांत असे वांब आले की त्यांना खाली उतरताही येईना. आम्ही त्यांना धरून कडुनिंबाखाली निजविले. चेहरा लाल झाला होता, डोके ठणकत होते. परंतु अंगाला घाम होता आणि बोलणे शुद्धीचे होते, एवढाच काय तो दिलासा.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण जीभ मागत नाही. म्हणून वृद्ध माणसाला ‘तहान लागली का?’ असे विचारीत न बसता ठरावीक वेळी पाणी द्यावे लागते. जवळच्या शेतातील एका माउलीने लोटाभर पाणी, मीठ आणि साखर आणून दिली. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चमचा चहाचा, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. ते पाणी आम्ही घोटघोट पाजीत राहिलो, ओल्या पंचाने अंग पुशीत राहिलो.

इतक्यात भोपाळकडे जाणारा एक टेम्पो थांबला. दोन्ही सायकली आणि दोन्ही माणसे नेण्यास चालक तयार होता. आम्ही उठलो, तोच बाबांनी आमचे मनगट धरले. “बहिणीला शब्द दिलाय. सामानासारखा तिच्या दारी उतरू काय?”

आता काय करावे? पित्याचा मान राखावा की जीव जपावा? क्षणभर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड उभ्या राहिल्यासारख्या वाटल्या. शेवटी आम्ही म्हणालो, “बाबा, चार वाजेपर्यंत सावलीतून हलायचे नाही. पुढे निघाल्यावर एकदा जरी वांब आला, किंवा घाम थांबला, तर मिळेल त्या गाडीने थेट दवाखान्यात. कबूल?” बाबा बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कबूल.” चालकाचे आभार मानून आम्ही त्याला निरोप दिला.

त्या सावलीत ज्योती कुमारीची गोष्ट निघाली. मे २०२० मध्ये टाळेबंदीत सारी वाहने बंद असताना त्या पंधरा वर्षांच्या मुलीने अपघातात जखमी झालेल्या वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंगा जिल्ह्यातील आपल्या गावी, सुमारे १,२०० किलोमीटर, सायकलने नेले. २०२१ साली तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तिचे वडील निवर्तले. बाबा म्हणाले, “आपल्याला टेम्पो नाकारता आला. त्या पोरीपुढे नाकारायलाही काही नव्हते.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. हौसेने सोसलेले कष्ट आणि नाइलाजाने सोसलेले कष्ट यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

चार वाजता बाबा उठले. ते पुढे, आम्ही मागे. कारण मागून चालणाऱ्यालाच पुढच्याचा तोल दिसतो. प्रत्येक चढावर ते उतरून चालले, आम्हीही चाललो. बैरागड येईतो दिवस मावळला. बाह्यवळण रस्त्यावर मालमोटारींच्या दिव्यांनी डोळे दिपत होते. आम्ही अगदी कडेने सायकली हाती धरून चाललो. एका पाटीवर ‘रत्नागिरी’ हे अक्षर दिसले. तेथील एका तिठ्याचे ते नाव. बाबा थबकले. “अरे, फिरून कोकणातच आलो की काय!” दिवसभरात प्रथमच ते हसले.

आत्या फाटकापाशीच उभी होती. बाबांनी शेवटची वीस पावले सायकलवर बसून पार केली आणि घंटी वाजविली. पंचाहत्तरीच्या घरातील त्या बहिणीने भावाचे दोन्ही तळवे हाती घेऊन पाहिले, आणि काही न बोलता आत जाऊन पाणी आणले.

वाचकहो, वृद्ध मातापित्यांना घेऊन कोणी दूर निघाल, तर अंतर त्यांच्या चालीने मोजा, विसाव्याची वेळ तुम्ही ठरवा. आणि कोठवर जायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवा. त्यांना जपायचे ते माणूस म्हणून, ओझे म्हणून नव्हे. परतीचा प्रवास आम्ही आगगाडीने केला. तिकीट बाबांनी स्वतःच काढले.