मामांचा दोन डोळ्यांचा कॅमेरा

अकोल्याला माझ्या मामांच्या कपाटात दोन डोळ्यांचा एक कॅमेरा आहे. नाव त्याचे स्टिरिओ रिअलिस्ट. अमेरिकेतील मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने तो १९४७ साली बाजारात आणला. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. याच्या भिंगांत सात. एका खटक्यात दोन चित्रे निघतात आणि ती डबीत घालून पाहिली, की चित्राला खोली येते.

मामांनी त्याने अंबादेवी टिपली, चिखलदऱ्याचे कडे टिपले. हटून बसला तो नरनाळ्याचा महाकाली दरवाजा! सज्ज्यांच्या दगडी जाळ्या भरतील इतके जवळ जावे, तर दरवाजा चौकटीत मावत नसे. लांब सरावे, तर खोली पातळ होई.

मामा आता चौऱ्याऐंशीचे. डाव्या डोळ्यात काचबिंदू वाढतो आहे, आणि एका डोळ्याला या डबीतली खोली दिसत नाही. म्हणून मी घाई केली.

“कर काय करतं ते. पन कॅमेऱ्याले भोक पाडू नको, बापू!” एवढीच त्यांची अट.

अमरावतीला मी कामाला लागलो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांपुढे लावायची ०.७ पटीची दोन जोडभिंगे मिळवली. ती लावली, की ३५ मिलिमीटरचे भिंग साधारण २५चे काम करते. ३६ अंशांची नजर ५० अंशांपर्यंत फाकते. रिअलिस्टची एक सोय अशी, की नेम जुळवताना भिंगे हलत नाहीत. आतली फिल्म पुढेमागे सरकते. त्यामुळे पुढचे ओझे भिंगांवर पडू न देता वेगळे धरता येते.

पहिल्या खेपेला मी दोन सुट्या कड्या केल्या. चित्रे धुऊन आली, ती पाहताच डोके दुखू लागले! एक चित्र केसभर वर गेले होते. मग लेथवाल्याने शहाणपण शिकवले: एकच ॲल्युमिनियमची पट्टी, आणि दोन्ही भोके एकाच बांधणीत, सत्तर मिलिमीटरवर. पट्टी तिपाईच्या आट्यांवर कसली. कॅमेऱ्याला ओरखडाही नाही. मधली नेमखिडकी मात्र झाकली गेली. तिच्याऐवजी वर तारेची चौकट बसवली.

बडनेऱ्याहून गाडी धरली. वाटेत मूर्तिजापूर लागले. येथूनच एके काळी अचलपूरकडे अरुंद रुळांवरून शकुंतला धावे. अकोल्याला उतरून अकोट, शहानूर आणि मग सातपुड्याचा चढ. पांढऱ्या वालुकाश्माचा, कमळे कोरलेला तो १४८७चा दरवाजा सकाळच्या उन्हात उभा होता. भिंगाचे तोंड एफ ११वर आणले, नाही तर कोपरे काळे पडतात, आणि खटका दाबला.

पंधरा दिवसांनी मोर्णेकाठच्या घरी मामांनी डबी डोळ्यांना लावली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काहून रे, सज्जा इतका पुढं कुठं हाये?”

मामांचे बरोबर होते! रुंद भिंगाने घेतलेले चित्र नेहमीच्या डबीत पाहिले, तर खोली सुमारे दीडपट ताणली जाते. दरवाजा त्यांना पाठ होता आणि डावा डोळा अजून साथ देत होता. मी चूक कबूल केली. मामांनी डबी मात्र संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.